मला एकटीला पुढे सरकवलं तेव्हा

मी एक लाल चकती बोलतेय. पत्त्यांच्या डावात लावतात ना, त्यातली. हसू नका, आज माझं डोकं जाम फिरलंय.

साच्यातून आम्ही पन्नासजणी एका दमात पडलो. अण्णांनी आम्हाला डब्यासकट घरी आणलं, तेव्हा त्यांची दोन्ही मुलं, ताई आणि ठोंब्या, शाळेत होती. माझी कड जरा चावलेली आहे, ती ताईनेच. म्हणून ती नेमकी मलाच उचलायची.

पुढे अण्णांचं लाँड्रीचं दुकान या दोघांनी सांभाळलं आणि रविवारी दुपारी इस्त्रीच्या टेबलावर पोकर खेळायची रीत पडली. पत्ते अण्णा वाटायचे. त्यांचा नियम एकच, थोरल्याने आधी बोलायचं. म्हणजे समोरच्याच्या मनात काय आहे याचा पत्ता नसताना ताईने चकत्या लावायच्या आणि तेवढ्याच टाकून तिचे पत्ते बघायला मागायचे, चकत्या वाढवायच्या की डाव सोडायचा, हे ठोंब्याने मागून आरामात ठरवायचं. हा कुठला न्याय?

मग ताईने युक्ती काढली. हातात भारी पत्ते आले, की डावाच्या अगदी शेवटी ती घाबरल्यासारखं करून मला एकटीला पुढे सरकवायची. ठोंब्या लगेच हुरळायचा. "ताईची टरकली!" म्हणत मूठभर चकत्या ओतायचा आणि सपाटून मार खायचा. वर्षानुवर्षं हेच! बघून बघून माझा जीव विटला.

शेवटी एकदाचा तो शहाणा झाला, तोही नको त्या दिवशी.

ताईला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळाने कपडे धुण्याचा विभाग सांभाळायला बोलावलं होतं. आठवडाभर घरात कोणी कोणाशी धड बोलेना. "जाऊ नकोस" म्हणायला याचा अहंकार आडवा, "मला नाही जायचं" म्हणायला हिचा. रविवारी ठोंब्या म्हणाला, "डावावर सोडू. तू जिंकलीस तर जा."

"चालेल," ताई म्हणाली. अण्णांनी कपाळाला हात लावला, पण पत्ते वाटले.

टेबलावरचे दोघांच्या सामाईक वापराचे पाचही पत्ते उघडले. ताईच्या हातात काहीच नव्हतं, मी तिच्या बोटांतून स्वच्छ बघितलं. काही न लावता गप्प बसली असती तरी हरली असती आणि इथेच राहिली असती. पण मग आपणच माघार घेतली असं झालं असतं. तिला ठोंब्याने अडवायला हवं होतं. म्हणून तिने मला एकटीला पुढे सरकवलं. याहून कमी ती काय लावणार?

ठोंब्या माझ्याकडे टक लावून बसला. अरे, एक चकती टाक आणि बघ की!

"या वेळी नाही फसणार," म्हणत त्याने आपली राजांची जोडी टाकून दिली. "जा तू. काय होतं गं तुझ्याकडे?"

ताईने आपले पत्ते उपडेच गड्डीत सारले. "एक चकती टाकली असतीस तर दाखवलं असतं."

आता मी त्याच टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली आहे. डाव बंद झाला. रविवारी ताईचा फोन येतो, ठोंब्या तो स्पीकरवर टाकतो, तेवढा वरून ऐकू येतो.

"दुपारी काय करता रे हल्ली? सहज विचारलं."

"काही नाही, झोपतो. तू मजेत ना?"

"हो... म्हणजे, चाललंय."

"छान!" म्हणून हा फोन ठेवतो.

छान काय, कपाळ! कोणीतरी सांगा हो त्या ठोंब्याला. तिने पुन्हा एवढंसंच पुढे सरकवलंय. बघायला माग म्हणावं, गाढवा!