एकाने उघडला की झालं

"आत्या, तुझा चहा निवायच्या आत सगळ्यांचा मेल सगळ्यांना दिसायला लागेल," असं म्हणून भाच्याने कपाटामागची एक वायर ओढली आणि ऑफिसातले तिन्ही कॉम्प्युटर एकदम बंद पडले.

आत्याने कपाला बोट लावून पाहिलं.

"अजून गरम आहे," ती म्हणाली. "चालू दे तुझं."

लिफ्ट दुरुस्तीचं हे ऑफिस आत्याने स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. आजवर मेल एकाच कॉम्प्युटरवर यायचा. त्या खुर्चीत जो बसलेला असेल त्याने उत्तर द्यायचं. आता तो आत्या, मिस्त्री आणि टायपिस्टबाई अशा तिघांना आपापल्या जागी दिसायला हवा होता. संध्याकाळपर्यंत जमलं तर भाच्याला उद्यापासून नोकरी, नाहीतर घरी बसून बापाचं डोकं खायचं, असं आत्याने सकाळीच बजावलं होतं.

दुपारी जमलं. पहिलाच मेल एका दातांच्या डॉक्टरांचा, तोही लिफ्टमधून. डॉक्टर मध्येच अडकलेले, वर पेशंट आ वासून बसलेला. तिघांनाही मेल दिसला, तिघांनीही उत्साहाने उत्तर ठोकलं. आत्याने लिहिलं, "माणूस निघाला." मिस्त्रीने लिहिलं, "उद्या बघतो." टायपिस्टबाईंनी लिहिलं, "आपण कोणत्या मजल्यावर आहात?"

फोन खणखणला. मिस्त्रीचा हात रिसीव्हरकडे जाता जाता थांबला. टायपिस्टबाईंना एकाएकी फाइल शोधायची आठवण झाली. भाच्याने फोन उचलला.

"आत्ता निघालेला माणूस उद्या कसा पोचतो हो?" डॉक्टर विचारत होते.

"घोळ माझाच आहे, डॉक्टर. तिघांना मेल जोडून दिला, उत्तर कोणी द्यायचं ते ठरवलंच नाही." त्याने मिस्त्रीला दाराकडे बोट दाखवलं. मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन पळाला. "ते पोचेपर्यंत मी फोन ठेवत नाही. माझी एक दाढ दुखतेय, तिच्याबद्दल विचारू का?"

पलीकडून डॉक्टर आधी गुरगुरले, मग दाढ वरची की खालची ते विचारू लागले. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा भाच्याचा कान लाल झाला होता आणि दाढ काढायचं पक्कं झालं होतं.

आत्या कप हातात धरून हे सगळं ऐकत होती. चहाचं पार पाणी झालं होतं.

"अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं, हे मिस्त्रीला शिकवताना माझ्या नाकी नऊ आले होते," ती म्हणाली. "तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. लहानपणी मी माळ्यावर अडकलो होतो, तेव्हा तूच खालून बडबडत होतीस."

आत्याने तो थंडगार चहा एका घोटात संपवला.

"उद्या नऊला ये. आणि हा घोळ निस्तरून मगच घरी जा."

भाच्याने लगेच नियम केला: एकाने मेल उघडला की सगळ्यांना तो उघडलेला दिसणार, मग बाकीच्यांनी त्याला हात लावायचा नाही. मिस्त्री परत आल्यावर त्यालाही त्याने ते समजावलं. टायपिस्टबाईसुद्धा म्हणाल्या, "पोरगा हुशार आहे हो."

सहा वाजता भाचा शीळ घालत लिफ्टमध्ये शिरला. दोन मजले उतरून लिफ्ट अडकली. फोनची बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. एक फोन सहज झाला असता, पण आपल्याच व्यवस्थेवर विश्वास नाही असं कशाला दाखवायचं? त्याने ऑफिसला मेल टाकला. फोन मान टाकून पडला.

वर तिघांनी एकाच वेळी मेल उघडला. वाचायच्या आतच तिघांनाही तो दुसऱ्या कोणीतरी उघडलेला दिसला. नियम नियम असतो. कोणी हात लावला नाही. साडेसहाला त्यांनी दिवे घालवले आणि लिफ्ट बंद होती म्हणून तिघंही जिन्याने घरी गेले.