दारापुढची चाळीस पावलं

माझी धाकटी बहीण मुक्ता तेरा वर्षांपूर्वी ‘पिवळ्या स्कूटीवर’ नावाचं गाणं गायली आणि तेव्हापासून डहाणूत त्या गाण्याशिवाय हळद लागत नाही. मी सत्तावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवली, तरी बाजारात माझी ओळख ‘स्कूटीवालीची बहीण’ अशीच. वसुमतीबाई म्हणून मला फक्त पेन्शनच्या कागदांवर ओळखतात.

चार वर्षांपूर्वी मुक्ताच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज खाली बसला. वरची पट्टी गेली ती गेलीच. कार्यक्रम बंद झाले, टीव्हीवाल्यांचे फोन बंद झाले. मुक्ता मुंबईच्या फ्लॅटमध्ये बसून राहिली. फोनवर बोलायची तेव्हा मागे पंख्याचा आवाज तेवढा यायचा. मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं, की आता तरी घरी येईल.

आली ती या जानेवारीत, आठ गाण्यांचा अल्बम घेऊन. सात गाणी मुंबईत झाली होती. आठवं तिला आमच्याच घरात करायचं होतं, आईच्या खोलीत. बरोबर गौरव नावाचा मुलगा होता, उंचीने त्याच्यापेक्षा मोठं लाकडी वाद्य गाडीत आडवं घालून आलेला. तोच वाजवणार, तोच रेकॉर्डिंग करणार. मुक्ता या गाण्यांना जॅझ म्हणत होती. जॅझ म्हणजे काय ते मला विचारू नका. मला कळलं ते एवढंच, की गाणं सरळ रस्त्याने घरी न जाता शेजाऱ्यांच्या अंगणातून, कुणाच्या परसातून हिंडत जातं आणि कधीकधी पोचतच नाही.

पण सातही गाणी मी ऐकली. हा माझ्या बहिणीचा आवाज नव्हता, आणि तिचा खरा आवाज हाच असावा असंही वाटलं. जाड, खरखरीत, वाक्याच्या शेवटी दम सोडणारा. एकट्या राहणाऱ्या बाईचं सगळं त्यात होतं. कुठेही नाचायला जागा नव्हती.

“आठवं कुठलं?” मी विचारलं.

“पिवळ्या स्कूटीवर,” मुक्ता म्हणाली. “तेच. पण अगदी हळू. आणि मध्येच थांबायचं. चाळीस पावलं चालायला जेवढा वेळ लागतो तेवढं गप्प. मग पुढे.” माझा हात धरून म्हणाली, “ताई, तू सांगितलंस तसंच. सगळा अल्बम मी त्या चाळीस पावलांसाठी केलाय. आणि क्लॅरनेटला बँडमधला हाल्यादादा हवाय. आई गेली त्या दिवशी तोच होता ना?”

हो, तोच होता. आणि त्या संध्याकाळचं मी मुक्ताला जे सांगितलं होतं, त्यात बँड थांबला एवढंच खरं होतं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आई दोन वर्षं आजारी होती. ती रानशेतच्या उपकेंद्रात नर्स होती. तिथल्या निम्म्या बाळंतपणांना तिचा हात लागला होता, पण तिच्या अंथरुणाशी मी एकटीच. मुक्ताचे पैसे यायचे, फळं यायची, मोठाल्या पिशव्यांतून औषधं यायची. मुक्ता यायची नाही. शेवटच्या दिवशी तिचा तलासरीला कार्यक्रम होता. तलासरी आमच्यापासून तासाभरावर. सकाळी फोन करून म्हणाली, आधी घरी येते, मग स्टेजवर जाते. आईने माझ्याकडून चांगली साडी नेसवून घेतली आणि दुपारभर दाराकडे बघत राहिली. पाचला मुक्ताचा निरोप आला, साउंड चेकला वेळ लागतोय, कार्यक्रम झाल्यावर येते.

त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीत लग्न होतं. सातच्या सुमारास वळणावर वरात आली आणि बँडने ‘पिवळ्या स्कूटीवर’ धरलं. आईने डोळे उघडले. हात उचलून खिडकीकडे केला. खिडकी उघड, असं सांगत होती. मी खिडकी उघडली नाही. उठले, बाहेर गेले आणि फाटकाशी उभी राहून हात वर केला. मला ते गाणं त्या घरात नको होतं. दोन वर्षं मी केलं ते कुणी वाजवत नव्हतं, आणि न येणारीचं गाणं मात्र आईपर्यंत वाजतगाजत चाललं होतं.

आमच्याकडे बँडवाल्यांचा एक नियम आहे. वाटेत मयताचं घर लागलं की वाजवणं बंद करायचं, वाद्यं खाली धरायची आणि घराची हद्द संपेपर्यंत मुकाट चालायचं. वरातीतही, मिरवणुकीतही. माझा वर केलेला हात पाहून पुढे चालणाऱ्या हाल्याने तोंडातून क्लॅरनेट काढलं आणि खालच्या आवाजात विचारलं, “गेल्या?”

मी मान हलवली.

सगळा बँड गप्प झाला. नवरदेवाच्या गाडीतले दिवेसुद्धा कुणीतरी विझवले. पायांचा आवाज तेवढा येत होता. चाळीस पावलं, मी फाटकाला धरून मोजली. शेवटच्या भिंतीपाशी पोचल्यावर त्यांनी पुन्हा वाजवायला सुरुवात केली, पण दुसरंच गाणं.

आई रात्री नऊला गेली. तोवर ती होती हे कुणाला कळलं नाही, कारण लग्नकार्य आटोपल्याशिवाय मयताच्या घरी कुणी पाय ठेवत नाही. साडेनऊनंतर माणसं आली ती, आई सातला गेली, हे धरूनच आली. मुक्ता अकराला पोचली, तोंडावर रंग तसाच, गजऱ्यासकट. उंबऱ्यात बसली आणि विचारलं, “शेवटी काय झालं?” मी म्हटलं, “तुझं गाणं दारावरून चाललं होतं. ऐकता ऐकता गेली. बँड थांबला, दारापुढची चाळीस पावलं मुकाट चालला.” तिच्यावर दया आली म्हणून म्हटलं, हे मी स्वतःला अकरा वर्षं सांगत आले. गल्लीतल्या बायका ऐकत होत्या आणि बँड का थांबला याला मला काहीतरी कारण द्यायचं होतं, हेही तेवढंच खरं.

या जानेवारीत, मुक्ता आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हाल्या एसटीने आला. साठीचा माणूस, क्लॅरनेट जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं. त्याच्या दोन्ही पोरींचा जन्म आईच्या हातचा. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला आता काय आठवणार.

गौरवने खोलीत गोधड्या टांगल्या होत्या. मालगाड्यांचा आवाज येतो म्हणून मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. वडील रेल्वेत होते, त्यामुळे आवाजावरून गाडी किती लांब आहे ते मला कळतं. ते सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी आईच्या खाटेवर बसले. डॉक्टरांनी मुक्ताला दिवसाला अर्धा तासच गायला परवानगी दिली होती.

पहिल्यांदा गायली तेव्हा तेच शब्द, जे ऐकून पोरं शर्ट काढून नाचतात, ते असे आले की मला खाटेच्या कडेला धरावं लागलं. पिवळी स्कूटी कुणाला तरी आणायला निघाली होती आणि ते माणूस आता तिथे नव्हतं. मग मुक्ता थांबली. गौरव थांबला. हाल्या वाजवत राहिला.

“दादा, इथे थांबायचंय,” मुक्ता म्हणाली.

“हां,” हाल्या म्हणाला.

दुसऱ्यांदाही तो थांबला नाही. त्याच जागी त्याचा सूर पुढे जात राहिला, एकटाच. गौरव चिडला. मुक्ताने पाणी प्यायलं आणि घसा धरून बसली. हा माणूस कसलातरी हट्ट धरून बसलाय आणि तो हट्ट माझ्याशी संबंधित आहे, हे मला कळत होतं. तरी मी गाड्यांकडे कान लावल्याचं सोंग करत राहिले.

तिसऱ्या वेळेला मुक्ताचा आवाज चिरकला. आता फार तर एकदा गाता आलं असतं. ती हाल्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, “दादा, हे थांबणंच तर माझं गाणं आहे. तुला का जमत नाही?”

हाल्याने क्लॅरनेट मांडीवर ठेवलं. “मुक्ताताय, मी थांबनार नाय. दुसरं काय सांग, वाजवतो. एकदा थांबलो ना, चुकी झाली माझी.”

“कसली चूक?”

“बाईंनी हात केला, नि मी समजलो की सिस्टरबाय गेल्या. वरात पोचवून परत आलो, पाया पडायला. खिडकीच्या फटीतनं पायलं तर बाई चमच्याने पानी पाजत होत्या. सिस्टरबायचे डोले उघडे. जित्या मानसाच्या दारात वाजवनं बंद केलं मी. ज्या बाईने माजी पोरं काढली तिच्या दारात.” त्याने लुगड्याचा तुकडा उचलला आणि परत ठेवला. “अकरा वर्सं झाली. कोनाला सांगलं नाय. बाईंना इचारायची पन लाज वाटली.”

म्हणजे अकरा वर्षं हा माणूस माझं ओझं डोक्यावर घेऊन लग्नं वाजवत होता. मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. तो स्वतःहून स्वतःला दोष देत होता, आणि मुक्ता माझ्याकडे पाहतही नव्हती. पण एका भल्या माणसाला डोळ्यांदेखत असं वाकलेलं बघणं मला सोसवेना.

“चूक त्यांची नाही,” मी म्हटलं. “त्यांनी विचारलं होतं, गेल्या का म्हणून. मी मान हलवली.”

गौरव उठून बाहेर गेला. मी सगळं सांगितलं. साडी सांगितली, दाराकडे बघणं सांगितलं, नऊ वाजल्याचं सांगितलं. तुझा राग आला होता, हेही सांगितलं. लांबून मालगाडी आली आणि गेली, मी कुणाला इशारा दिला नाही. मला वाटलं ती उठेल, बॅग उचलेल आणि या घरात परत पाऊल ठेवणार नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मग ऐकलं तरी किती तिने?” शेवटी तिने विचारलं.

“वळणापासून फाटकापर्यंत.”

“अर्धं कडवं.” तिने मनाशी मोजलं. मग मान वर केली. तिचे डोळे अगदी आईसारखे आहेत, आणि आई त्या दुपारी दाराकडे बघत होती तसे ते माझ्याकडे बघत होते. “ताई, एक सांग. तिला कळलं होतं ना, माझं गाणं येतंय म्हणून?”

“हो,” मी म्हटलं.

मुक्ता उठली. गौरवला हाक मारली. स्वतःच्या हाताने गोधडी काढून तिने ती खिडकी सताड उघडली. रस्त्यावरचे आवाज येऊ देत, म्हणाली. हाल्याला म्हणाली, “दादा, तुझं बरोबर आहे. थांबायचं नाही. शेवटपर्यंत जायचं.” आणि गायली. आवाज फाटत होता, पण अडला नाही. हाल्या डोळे मिटून तिच्यामागे चालावं तसा वाजवत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी गळत होतं. जिथे चाळीस पावलं गप्प राहायचं होतं तिथे ती दोघं मिळून गेली, कुणीच थांबलं नाही. संपल्यावर हाल्या माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले.

अल्बम मार्चमध्ये आला. फार खपला नाही म्हणे, पण ज्यांनी ऐकला ते आठव्या गाण्याबद्दलच बोलतात. एका मुलाखतीत मुक्ताने सांगितलं, माझी आई माझं गाणं ऐकायला थांबली होती, तिला ते पूर्ण ऐकवायचं राहिलं होतं, ते आता ऐकवलं. माझं नाव तिने घेतलं नाही. फोन करते, औषधं घेतलीस का विचारते आणि ठेवते. हाल्या परवा बाजारात भेटला. चेहऱ्यावर तजेला होता. आता लग्नात ते गाणं वाजवताना जीव हलका असतो, म्हणाला.

मी ते गाणं एकदाच ऐकलं, पुन्हा लावलं नाही. हाल्याने खिडकीच्या फटीतून पाहिलं, पण आतलं बोलणं त्याला ऐकू गेलं नव्हतं. आईच्या तोंडाला मी चमचा लावला तेव्हा तिने विचारलं होतं, “ते मुक्ताचं होतं का गं?” औषधाच्या गुंगीत तिला नीट ओळखू येत नव्हतं. एका शब्दाचं काम होतं. मी म्हटलं, “नाही, दुसरंच कुणाचं तरी होतं.”

“बरं,” आई म्हणाली. त्यानंतर ती काही बोलली नाही.