खाली धरणारं माणूस

लेक बांधकामावर कामाला लागणार म्हणून तिचं सुरक्षेचं ट्रेनिंग सुरू झालं आणि माझ्या डोक्याला ताप झाला. पंखा पुसायला स्टुलावर चढलो, तर ही ओरडली, "बाबा, उतरा! खाली धरायला माणूस नसेल तर चढायचं नाही."

"आजवर कोण धरत होतं गं?" मी खेकसलो.

"आई होती तोवर तीच धरायची, ओरडत ओरडत. तुमचं लक्ष नसायचं."

मी खाली उतरलो.

तिच्या कामाच्या पहिल्याच दिवशी मी साइटच्या फाटकातून ओरडलो, "माझ्या लेकीची शिडी कोण धरतंय?"

"मीच, काका!" शिडीला बिलगलेला मुकादम वैतागून म्हणाला. "जरा सोडली की वरून ओरडते."

"ओरडणारच," मी म्हणालो. "आईवर गेलीय."