दोन टाक्यांची मोटार

उकंडरावानं दवाखान्याची मोटार पहिल्यांदा पाहिली ती पोरीला माती देऊन आल्याच्या तिसऱ्या दिवशी. मेहकर-लोणार रस्त्यापासून दोन कोस आत असलेल्या खापरदरीत त्या उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली होती. सहा वर्षांची गोदी सकाळी उलट्या करू लागली आणि दिवस कलायच्या आत गेली. मोटार गावात पोचली तेव्हा साथ ओसरत आली होती. डॉक्टर भालचंद्र पाठक पारावर उभे राहून लोकांना सांगत होते की हा रोग पाण्यातून येतो. लोक ऐकत होते आणि उठून जात होते. उकंडराव एकटा बसून राहिला.

"कोनतं पानी, डाक्तर?" त्यानं विचारलं.

"तुम्ही पिता तेच. विहीर आटली म्हणून नाल्यात झिरा खोदलाय ना तुम्ही? ते."

उकंडरावानं नाल्याच्या दिशेनं पाहिलं. मग म्हणाला, "थे पानी म्याच आनलं होतं तिच्यासाठी."

पंधरा दिवसांनी तो पायी बुलढाण्याला गेला आणि डॉक्टरांच्या दारात उभा राहिला. मोटारीवर काहीही काम द्या, म्हणाला. घरी जमीन होती, थोरला भाऊ पंजाबराव शेती सांभाळायला समर्थ होता, धाकट्यानं नोकरी करायची गरज नव्हती. पण शेतात गेलं की त्याला नाला दिसायचा.

बुलढाण्यातल्या काही वकील-डॉक्टरांच्या मंडळानं ती मोटार सुरू केली होती. उन्हाळा-पावसाळ्यात ती चिखली, मेहकर, लोणार अशा गावांतून फिरायची. तिला दोन टाक्या होत्या. ड्रायव्हरच्या पाठीमागे जस्ताच्या पत्र्याची शंभर गॅलनची टाकी, प्यायच्या आणि औषधाच्या पाण्याची. दुसरी मागच्या चाकांच्या वर, लोखंडी. रोग्यांच्या उलट्या, जुलाबाची भांडी धुतलेलं पाणी, सगळं तिच्यात साठायचं, कारण ते गावात कुठेही फेकलं तर रोग पुन्हा पाण्यात उतरला असता. उकंडरावाकडे पहिली टाकी आली.

तो तिच्यात जीव ओतू लागला. आठ दिवसांनी एकदा टाकी रिकामी करायची, झाकण काढून आत उतरायचं, काथ्यानं तळ आणि कोपरे घासायचे. पत्र्याला हात लावून पाहायचा. बोटाला बुळबुळीत लागलं तर पुन्हा घासायचं. मग ब्लीचिंग पावडर कालवून टाकी भरायची, दोन तास तशीच ठेवायची, तोटीतूनही ते पाणी सोडायचं, आणि वास जाईपर्यंत खंगाळायची. डॉक्टरांनी एकदाच दाखवलं होतं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ड्रायव्हर मोतीराम हसायचा, "देवाची मूर्ती धुतल्यावानी धुते हा मानूस."

मागची टाकी शिवराम नावाचा मंडळाचा सफाईवाला रिकामी करायचा. तो आपला रस्त्यापलीकडे जेवायचा, मोटारीच्या टपावर झोपायचा. उकंडराव त्याच्याशी वर्षभरात चार वाक्यं बोलला असेल. ती टाकी कशी रिकामी होते, हे त्यानं कधी पाहिलंही नव्हतं.

दुसऱ्या वर्षी चिखलीत शिवराम तापानं पडला आणि त्याचा भाऊ त्याला घरी घेऊन गेला. मागची टाकी तोंडापर्यंत भरलेली. चार दिवस दुसरा माणूस मिळेना. मेहकरकडच्या तीन गावांतून साथीचे निरोपावर निरोप येत होते आणि मोटार चिखलीत उभी. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ अंगणात फेऱ्या मारत होते. पाचव्या दिवशी उकंडराव म्हणाला, "मोटार गावाबाहेर घ्या. म्या करतो."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. "उकंडराव, तुमच्या घरचे लोक काय म्हणतील?"

"थे मंग पाहू."

विहिरींपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला त्यानं छातीइतका खड्डा खणला. तळाला चुना टाकला. नळी लावून तोटी सोडली तेव्हा वासानं त्याचं डोकं फिरलं. दोनदा ओकारी आली. टाकी रिकामी झाली, पण खाली गाळ बसला होता. तो लांब दांड्याच्या ब्रशानं खरवडून, पाणी मारून, फिनेल टाकून काढावा लागला. वर चुना, वर माती. मग त्यानं पावडरच्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले, अंघोळ केली, कपडे उकळले. त्या संध्याकाळी जेवताना त्याला शिवराम आठवला आणि घास उतरला नाही.

नवा माणूस मिळालाच नाही. दोन्ही टाक्या उकंडरावाकडेच राहिल्या. त्यानं सगळं वेगळं ठेवलं. मागच्या टाकीची बादली, दोर, ब्रश, नळी यांना लाल रंग लावला आणि ते मोटारीच्या दुसऱ्या बाजूला टांगलं. कपड्यांचे दोन जोड केले. मागच्या टाकीचं काम झालं की त्या दिवशी तो पुढच्या टाकीला हातसुद्धा लावत नसे. डॉक्टर म्हणायचे, जिल्ह्यात या टाकीतल्या पाण्याइतकं स्वच्छ पाणी कुठे नाही. ते खोटं नव्हतं.

बातमी खापरदरीला पोचायला वेळ लागला नाही. मेहकरच्या बाजाराच्या दिवशी पंजाबराव मोटारीपाशी आला. लांबच उभा राहिला.

"खरं हाय का हे?"

"हाव, दादा."

"काऊन करून राह्यला बे असं? घरी खायाले नाही का?"

"गोदी कशी गेली, तुले माहीत हाय ना? कोनी तरी करा लागते, दादा."

"कोनी तरी करा लागते, तं ज्याचं हाय त्यानं करावं. आपल्या घरातल्या मानसानं नाही." पंजाबरावाच्या डोळ्यांत पाणी होतं, राग होता की लाज, उकंडरावाला कळलं नाही. "माय दोन दिवस जेवली नाही. तू घरी येऊ नोको."

गावानं बैठक घेतली आणि उकंडरावाचं पाणी बंद केलं. त्याची बायको शालूबाई घरातच राहिली, पण तिला गोठ्याशेजारची खोली मिळाली. तिची घागर वेगळी झाली. ती नवऱ्याला निरोप पाठवायची तेव्हा यातलं काही सांगत नसे. मोतीरामला बाजारात गावची माणसं भेटायची, त्यांच्याकडून कळायचं.

पुढच्या वैशाखात खापरदरीत पुन्हा पटकी आली.

मदतीसाठी तहसील कचेरीतून कागद नागपूरला गेला म्हणे. तिथून काही येईपर्यंत डॉक्टरांनी वाट पाहिली नाही. मोटार निघण्याआधी उकंडरावानं पुढची टाकी पुन्हा एकदा घासली. मोतीराम म्हणाला, परवाच तर घासली. उकंडरावानं ऐकलं नाही. बोट फिरवून चारही कोपरे पाहिले. मेहकरच्या पक्क्या विहिरीचं पाणी गाळून भरलं आणि त्यात मापानं पावडर टाकली.

गावात शिरताना पहिल्याच घरापुढे तिरडी बांधणं चाललं होतं. विहिरीचा तळ दिसत होता. सगळं गाव नाल्यातल्या झिऱ्याचंच पाणी पीत होतं. वरच्या अंगाला आजाऱ्यांच्या अंगावरची धडोती धुतली जात होती.

डॉक्टरांनी पारापाशी मोटार उभी केली आणि माणसं गोळा केली. "नाल्याचं पाणी आजपासून बंद. या टाकीतलं प्या. संपलं की मोटार मेहकरहून पुन्हा भरून आणेल."

कोणी हललं नाही. शेवटी महादेवराव पुढे झाले. गावात त्यांचा शब्द चालायचा. ते अगदी नम्रपणे बोलले, "डाक्तर, तुमची दवाई घेऊ. सुई टोचा म्हनसान, तं टोचून घेऊ. पन हे पानी नोको."

"का?"

महादेवरावांनी उकंडरावाकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. "थे टाकी कोन धुते, थे गावाले माहीत हाय."

डॉक्टरांनी तोटीखाली पेला धरला आणि ते सगळ्यांदेखत पाणी प्यायले. म्हणाले, "मी ब्राह्मण आहे. मी पितो. मग तुम्हाला काय हरकत आहे?"

"तुमी शहरातले, डाक्तर. तुमाले चालते."

उकंडराव पुढे आला. "म्या गावाबाहेर जातो. नाल्यापल्याड बसतो. हे सारं पानी सांडून द्या, मोतीरामच्या हातानं टाकी धुवा, त्याच्याच हातानं भरा. पन झिऱ्याचं पेऊ नोका. पाया पडतो तुमच्या."

त्यानं खरोखरच जमिनीला डोकं टेकलं. बायका रडू लागल्या. पण गावाच्या लेखी बाटलेली टाकी तीच होती. महादेवराव मान हलवत मागे सरले, आणि त्यांच्यामागे बाकीचे.

डॉक्टर शिव्या देऊ लागले. त्यांच्या तोंडून अशा शिव्या मोतीरामनं कधी ऐकल्या नव्हत्या. त्यांनी झिऱ्यात जांभळं औषध टाकायला लावलं. लोकांनी रंगीत पाणी पाहून दुसऱ्या बाजूला नवा झिरा खोदला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारीमागे कोणी तरी हळूच हाक मारली. थोरली भावजय सोजराबाई होती. तोंडावर पदर, हातात पितळी तांब्या.

"भाऊजी, आत्याबाईले झालं."

तिची सासू म्हणजे उकंडरावाची माय; तो ताडकन उठला. "डाक्तर आले होते का?"

"आले होते. सुई देली. पानी पाजा म्हनले, सारखं पाजा, टाकीतलंच पाजा. तुमचे दादा नाही म्हनतात. आता थे लाकडं पाहाले गेले." ती थांबली. कोणाची लाकडं, हे दोघांनाही माहीत होतं. "मले द्या. म्या सांगतो का झिऱ्याचं हाय."

त्यानं स्वतः तोटीला हात लावला नाही. सोजराबाईलाच तांब्या भरून घ्यायला सांगितलं आणि तो मागच्या गल्लीनं तिच्या पाठोपाठ गेला. घरात पाऊल टाकायची त्याला बंदी होती. गोठ्याच्या खोलीतून शालूबाईनं त्याला आत ओढलं. मधल्या भिंतीच्या झरोक्यातून माजघर दिसत होतं. नवरा-बायको वर्षभरानं भेटत होती. दोघं झरोक्याला लागून उभी राहिली.

म्हातारी एका रात्रीत निम्मी झाली होती. डोळे खोल, ओठ फाटलेले. सोजराबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या ओठाला लावला.

"प्या, आत्याबाई. झिऱ्याचं हाय."

म्हातारीनं एक घोट तोंडात घेतला. मग तिचं नाक आक्रसलं. तोंड वाकडं करून तिनं तो घोट तसाच बाहेर सोडला. गळ्यावरून, पातळावरून पाणी ओघळलं.

"औषदाचा वास येते, व," ती कशीबशी म्हणाली. "हे उकंड्याचं पानी हाय."

"नाही, आत्याबाई..."

"खोटं बोलू नोको, सोजरा. मरताखेपी मले बाटवू नोको."

उकंडरावाला राहवलं नाही. झरोक्यातून त्यानं हाक मारली, "माय! माय, चांगलं हाय थे पानी. गोदीची आन हाय तुले, पे."

म्हातारीनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. तिला दिसत होतं की नाही, सांगता येत नाही. बोलणं मात्र अगदी मायेचं होतं. "उकंड्या, बापा, तू आला का? जेवला का?" आणि जरा थांबून, "तुह्या हातचं नोको रे, राजा. वरती तुह्या बापाले तोंड दाखवा लागते."

तिनं ओठ मिटून घेतले. सोजराबाईनं तांब्या पुन्हा लावून पाहिला, बोटानं दोन थेंब ओठांवर फिरवले. म्हातारीनं ते हातानं पुसून टाकले. तेवढी ताकद तिच्यात कुठून आली, देव जाणे. पंजाबराव परत आला तेव्हा तिनं त्याच्याकडे पाणी मागितलं, आणि त्यानं नव्या झिऱ्याचं पाणी तिला पोटभर पाजलं. दिवस मावळायच्या आत ती गेली.

खांदा द्यायला उकंडरावाला कोणी बोलावलं नाही. त्यानंही मागितला नाही. नाल्यापलीकडून त्यानं धूर पाहिला. शालूबाई त्याच्याजवळ येऊन बसली होती, बोचकं घेऊन. "म्या आता तिथं राहात नाही," एवढंच ती म्हणाली.

पाच दिवसांत गावात सतरा माणसं गेली. चौथ्या दिवशी महादेवरावांच्या घरातली दोघं गेली, तरी त्यांनी टाकीचं पाणी घेतलं नाही. उलट गावात बोलणं सुरू झालं की मोटारीनंच रोग आणला, मागच्या टाकीतून गळतो. डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून टाकी दाखवली, एक थेंब गळत नाही म्हणून बोटानं सांधे दाखवले. बघायला कोणी जवळ आलं नाही. सहाव्या दिवशी मोटारीवर दगड पडले आणि डॉक्टर म्हणाले, "चला."

निघण्याआधी दोन्ही टाक्या रिकाम्या करणं भाग होतं. मागची तोंडापर्यंत भरली होती. तिच्यात पंजाबरावाच्या घरातून आणलेलं, मायचं भांडं धुतलेलं पाणीही होतं. उकंडरावानं शिवेबाहेर खड्डा खणला. या वेळी ओकारी आली नाही. सवयीनं हात चालत होते. चुना, फिनेल, माती. मग त्यानं अंघोळ केली, कपडे बदलले आणि नियमाप्रमाणे दिवस उलटू दिला.

सकाळी डॉक्टर पुढच्या टाकीपाशी आले. झाकण उघडून आत पाहिलं. मोटारीवरची माणसं प्यायली तेवढं आणि सोजराबाईचा एक तांब्या, एवढंच काय ते पाणी कमी झालं होतं.

"आठ दिवस झाले, डाक्तर," उकंडराव म्हणाला. "पावडर उडाली. आता हे कोनाले पाजता येत नाही."

"माहीत आहे."

"सोडून देऊ?"

डॉक्टरांनी मान डोलावली आणि ते दुसरीकडे गेले. उकंडरावानं खाली बसून तोटी पूर्ण उघडली. वैशाखातली भेगाळलेली जमीन. पाणी आधी भेगांमध्ये शिरलं, मग पसरलं. टाकी रिकामी व्हायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ तो तिथंच बसून होता. शालूबाई मोटारीच्या सावलीत बोचक्यावर टेकून बसली होती. पाण्याचा आवाज थांबला तेव्हा मोतीरामनं विचारलं, "आता कोनतं गाव?"

"अंजनवाडी," डॉक्टर म्हणाले. "तिथे काल सहा जणांना लागण झालीय."

अंजनवाडी खापरदरीच्या सोयऱ्यांचं गाव; तिथे बातमी मोटारीच्या आधी पोचलेली असणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. उकंडरावानं झाकण काढलं, काथ्या घेतला आणि टाकीत उतरला.