आम्पारोनं सदरा उन्हात घातला

आमच्या कारखान्यात वाचन आवडलं की सिगार वळणाऱ्या बायका हातातलं पातं फळीवर टकटक वाजवतात, आणि नावडलं की तेच पातं फरशीवर टाकतात. तंबाखूचं पान कापायचं ते अर्धगोल, बिनमुठीचं पातं. एक पडलं तरी दालनभर ऐकू जातं. त्या मंगळवारी निम्म्या दालनाची पाती खाली पडली आणि मला वाक्य अर्ध्यात थांबवावं लागलं.

मी या दालनात चौथऱ्यावर बसून मोठ्यानं वाचते. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. त्याआधी मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे, त्यामुळे सगळ्या मला अजून 'बाई' म्हणतात. काय वाचायचं हे ऐकणारे मतानं ठरवतात. वाचणारीला मत नसतं.

गेली कित्येक वर्षं त्यांनी दर वेळी एकच निवडलं होतं, आम्पारो आणि तेल्मोची मालिका. कुणाची तरी मावसबहीण स्पेनहून येताना सामानातून पुढचं पुस्तक आणते. तेल्मो मिठागरात बुडून मेलेला. धुकं पडलं की तो आम्पारोच्या दारात येतो, नखशिखांत भिजलेला, आणि अंगावरचा सदरा वाळेपर्यंतच थांबतो. आठ पुस्तकं आम्पारो तो सदरा ओला ठेवायच्या युक्त्या काढत आली. मिठी मारायच्या आधी ती स्वतःचे केस धुवायची, त्याला न्हाणीघरात जेवायला वाढायची. एकदा बायकांनी मला विचारलं होतं की सुती सदरा वाळायला खरोखर किती वेळ लागतो. मी सांगितलं, ते हवेवर आहे, हवेतच पुष्कळ पाणी असेल तर कापडातलं पाणी जाणार कुठे? आमच्या दालनात पानं तडकू नयेत म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवतात. त्यावर युसिमी म्हणाली, "मग त्याला इकडेच आणा की, बाई. जन्मात वाळायचा नाही. वर आम्हालाही बघायला मिळेल." त्या दिवशी पाती बराच वेळ वाजत होती.

नवव्या पुस्तकात आम्पारोनं सदरा उन्हात घातला. स्वतःच्या हातानं, दोरीवर, चिमटे लावून. तेल्मो पायरीवर बसून बघत राहिला, आणि दुपारी पायरीवर कुणी नव्हतं. पुढचं प्रकरण सुरू झालं ते कोस्मे नावाच्या माणसापासून. होड्या दुरुस्त करणारा, जिवंत, थोडा टकला. तो आम्पारोकडे जेवायला आला, आणि पाती पडली.

पहिलं पातं नोर्बेर्ताचं होतं. ती आमच्यातली सगळ्यांत जुनी वळणारी. तिचा नवरा ती तिशीची असताना देश सोडायला ट्रकच्या टायरांचा तराफा करून समुद्रावर गेला. त्याचं पुढे काय झालं ते कुणाला कळलं नाही. तो बुडाला असं कुणी तिला कधी म्हटलं नाही, आणि तिनंही कुणाला म्हणू दिलं नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर मला त्या आवाजानं हायसं वाटलं.

कारण असं. वसंतात एउलोहियोनं मला विचारलं होतं की आपण एका घरात राहायचं का. तो वरच्या मजल्यावर उत्तरेच्या खिडकीपाशी बसून सिगारी रंगांच्या क्रमानं लावतो. एका पेटीतल्या सगळ्या एका छटेच्या दिसल्या पाहिजेत, त्यासाठी साठ-सत्तर छटा त्याच्या डोळ्यांत बसलेल्या आहेत. कमी बोलतो. मी त्याला म्हटलं, नववं पुस्तक संपू दे, मग सांगते. मला वाटलं होतं नवव्यातही तेल्मो येत राहील, आम्पारो काहीतरी शोधून काढील, आणि माझेही काही महिने तसेच निघून जातील.

माझा नवरा आबेलार्दो निकाराग्वाच्या वाटेनं उत्तरेकडे गेला, परदेशी कायमचा राहायला. आधी रोज फोन यायचा, मग रविवारी. शेवटच्या फोनमध्ये मागे गाड्यांचा आवाज होता आणि तो म्हणाला, थांब, रस्ता ओलांडतो आणि बोलतो. त्यानंतर फोन आला नाही. तो जिवंत आहे हे त्याच्या भावाकडून कळतं. याहून जास्त मी विचारलं नाही.

हे सगळं दालनाला ठाऊक होतं. पुस्तक संपल्यावर सांगते असं मी एउलोहियोला म्हटलं तेही.

नोर्बेर्तानं पुस्तक बंद करायचा ठराव मांडला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यावर बोलणं झालं, हात चालू ठेवूनच. कुणी म्हणालं लेखिका म्हातारी झाली, कुणी म्हणालं तिचं स्वतःचं दुसरं लग्न झालं असणार. एकीला कोस्मेच्या टकलाचा राग होता. माझ्यामागे बसणाऱ्या दोघी तर म्हणत होत्या की जुनीच आठ पुस्तकं पहिल्यापासून पुन्हा वाचा, आम्ही आनंदानं ऐकू. युसिमीनं मात्र पातं फळीवर आपटलं.

"आठ पुस्तकं ती बाई भिजलेल्या माणसाला कवटाळतेय," ती म्हणाली. "न्युमोनिया कसा झाला नाही तिला? जेवू दे की एकदा कोरड्या माणसाबरोबर."

"तुझा रोज संध्याकाळी फाटकाशी सायकल घेऊन उभा असतो," नोर्बेर्ता म्हणाली. "तू नको बोलूस."

"अहो मावशी, पण हे पुस्तक आहे."

"पुस्तक आहे म्हणूनच. बाहेर काय होतं ते मला माहीत आहे. ते ऐकायला मी इथे मान मोडून बसते का?"

मग नोर्बेर्ता चौथऱ्याकडे वळली. "बाई, तुम्ही घरी पुढचं वाचून येता. तो परत येतो का?"

वाचणारीनं पुढचं सांगायचं नसतं. मी वाचन समितीच्या प्रमुखाकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले. खरं म्हणजे मी शेवटचं पान गेल्याच आठवड्यात पाहिलं होतं, आणि नंतर मधलं प्रत्येक पान, काही राहिलं तर नाही ना म्हणून.

"नाही," मी म्हटलं.

"एकदाही नाही?"

"एकदा धुकं पडतं. तिला दारात पाणी ठिबकल्यासारखं वाटतं, ती उठून जाते. पागोळी असते."

"आणि मग?"

"मग ती दारातच उभी राहते. बराच वेळ. आत कोस्मे जागा असतो, पण तिला हाक मारत नाही. पुढे ती कणीक मळते, होडीला रंग देते, भांडते. कधी कधी दाराकडे बघते. असं शेवटपर्यंत."

"बघते?"

"हो. ते थांबत नाही."

नोर्बेर्तानं तंबाखूचं पान पुढ्यात पसरलं, शीर काढली, आणि ते वळलं नाही. अख्ख्या दालनात त्या वेळी कुणाचेच हात चालत नव्हते. मला वाटलं ती आता मतदान घ्या म्हणेल, पुस्तक बंद होईल, आणि एउलोहियोला मी सांगीन की पुस्तक संपलंच नाही. तो ते मान्य करील, कारण तो मी बोललेलं शब्दशः घेतो. मी ते वाक्य मनात तयारही करून ठेवलं होतं.

"मला वाटलं ती विसरते," नोर्बेर्ता म्हणाली. "म्हणून टाकलं मी पातं. विसरत नसेल तर वाचा. सदरा वाळल्यावर मागे राहिलेलं माणूस दिवसभर काय करतं ते मला कुणी सांगितलेलं नाही. मी कुणाला विचारलंही नाही."

तिनं ठराव मागे घेतला. युसिमी उठून तिच्या फळीशी गेली आणि तिच्या पुढ्यातली पानं ओल्या फडक्याखाली झाकली, सुकू नयेत म्हणून. मी पुस्तक उघडलं. कोस्मे जेवायला बसला होता तिथून पुढे वाचलं. पाती वाजली नाहीत आणि पडलीही नाहीत.

सुटी व्हायच्या आधी मी वर गेले. पुस्तकाचा अर्ध्याहून जास्त भाग उरला होता. एउलोहियो खिडकीशी होता, समोर टेबलभर सिगारी, फिकटपासून गडदपर्यंत. खालचं सगळं त्याला स्पीकरवरून ऐकू येतं, त्यामुळे मी काही सांगायची गरज नव्हती. तरी मी म्हटलं, "रविवारी तुझं सामान घेऊन ये. माझ्या घरात उजेड जास्त आहे."

त्यानं हातातली सिगार खाली ठेवली. "पुस्तक संपायचं आहे अजून."

"माहीत आहे."

मी तिथेच उभी होते. जिना उतरायच्या आधी जे सांगायचं ते सांगायलाच हवं होतं.

"आबेलार्दोचा फोन आला तर मी उचलीन," मी म्हटलं. "किती वर्षांनी आला तरी. आणि जेवताना वाजला तर उठेन."

त्यानं बराच विचार केला. दोन जवळजवळ सारख्या छटांमधून निवडताना करतो तसा.

"उठ," तो म्हणाला. "मी ताट झाकून ठेवीन."

मग त्यानं खुर्ची माझ्याकडे सरकवली, कारण उजेड अजून थोडा होता आणि त्याला टेबलावरच्या सिगारी लावून पुऱ्या करायच्या होत्या. मी बसले. खालून बायका निघाल्याचा आवाज येत होता, आणि मी तो नोर्बेर्ताचा कोणता, युसिमीचा कोणता असं ओळखत राहिले. माझा फोन पिशवीत होता. मी दोनदा त्याच्याकडे पाहिलं. एउलोहियोनं ते पाहिलं, आणि तो सिगारी छटांप्रमाणे लावत राहिला.