समासातले कवडूचे अक्षर

मी एक जुना ग्रंथ आहे, मित्रांनो, एका खेळाच्या नियमांचा. आहे म्हणतो खरा, पण आज माझी सुटी पाने रद्दीच्या गोदामात, तारेने आवळलेल्या एका गठ्ठ्यात दबून पडली आहेत. उद्या हा गठ्ठा कागदाच्या गिरणीत जाईल. म्हणून जे सांगायचे ते आजच सांगून घेतो.

माझा जन्म परदेशातल्या छापखान्यात झाला, त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. माझ्यात भुयारे होती, मांत्रिक होते, आग ओकणारे ड्रॅगन होते, पण गोष्ट मात्र एकही नव्हती. गोष्ट खेळणाऱ्यांनी रचायची. एकाने प्रसंग सांगायचा, बाकीच्यांनी आपापला वीर काय करतो ते बोलायचे आणि तो जगला की मेला हे फाशांनी ठरवायचे. हे सारे कसे करायचे, तेवढे मी सांगत असे.

नागपूरला मला कोणी आणले ते आठवत नाही. सीताबर्डीच्या फुटपाथवर इंजिनिअरिंगच्या जुन्या पुस्तकांखाली पडलो होतो, तिथून मार्तंडने मला उचलले. तो तेव्हा कॉलेजात होता. लकडगंजात त्याच्या वडिलांची लाकूड कापायची आरा मशीन होती. रविवारी ती बंद असे. मग दुपारभर सागवानाच्या फळ्यांवर बसून मार्तंड आणि त्याचे मित्र मला उघडत.

त्या मित्रांत एक होता कवडू. तो कामठीला यंत्रमागावर काम करायचा आणि शेअर ऑटोने यायचा, तेव्हा त्याच्या केसांत सुताचे तंतू अडकलेले असत. शाळा दहावीलाच सुटलेली. इंग्रजी त्याला जेमतेम अक्षरे जुळवण्यापुरते येई. पहिल्या रविवारी बाकीचे हसत-खिदळत खेळले आणि तो नुसता बसून राहिला. दुसऱ्या रविवारी त्याने मला घरी मागून नेले.

सात महिने मी लकडगंज ते कामठी ये-जा केली. कवडूने कुठूनसा एक शब्दकोश मिळवला होता. कामावरून आला की तो माझी एकेक ओळ लावत बसे आणि तिचा अर्थ समासात पेन्सिलीने मराठीत लिहून ठेवी. मराठी म्हणजे त्याची, घरची. ड्रॅगनला त्याने ‘उडता अजगर’ केले. लढाईतून माघार कशी घ्यावी याचा माझा दीड पानांचा नियम होता. त्याशेजारी त्याने लिहिले, ‘जीव प्यारा असन तर पळा गा.’ एकशे अठ्ठावीस पाने होती माझी. एकही समास त्याने कोरा सोडला नाही.

त्यानंतर खेळ माझ्या भाषेत झालाच नाही, तो कवडूच्या भाषेत झाला. मार्तंड प्रसंग सांगताना माझी छापील ओळ ओलांडून थेट समासातच बघे. ती पाच-सहा वर्षे माझ्या आयुष्यातली खरी वर्षे. पुष्कळदा अंधारून आले तरी कोणी उठत नसे.

पुढे सगळे आपापल्या संसाराला लागले. कवडूचे लग्न झाले, मुलगी झाली, आणि ती दीड वर्षाची असताना कवडू काविळीने गेला. त्या दिवशी कामठीहून परतल्यावर मार्तंडने मला मांडीवर घेतले, पण उघडले नाही. मग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवले. वीस-बावीस वर्षे मी तिथेच होतो. आधी तो मला दिवाळीला पुसून ठेवी. नंतर तेही राहून गेले.

मागच्या वर्षी त्याने मला अचानक बाहेर काढले. माझे प्रकाशक आपली जुनी पुस्तके आता संगणकावर, मोबाईलवर वाचता येतील अशी नव्याने काढत होते, पण माझ्या पहिल्या आवृत्तीची प्रत त्यांच्याकडेच उरली नव्हती. ज्याच्याकडे असेल त्याने द्यावी, असे त्यांनी जाहीर केले. मार्तंडने लगेच कळवले. त्यांचे स्कॅनिंगचे काम नागपुरातलेच एक ऑफिस करत होते, तिथे मला पोचवायचे ठरले.

जाण्याआधी त्याने कवडूच्या मुलीला, काजलला, फोन केला. मी टेबलावरच होतो.

“तुह्या बाबाचं अक्षर आता साऱ्या जगाले दिसन, बेटा,” तो म्हणाला.

ऑफिसात त्याच्यापुढे एक फॉर्म आला. पुस्तकाचा कणा कापला जाईल, पाने परत मिळणार नाहीत, असे त्यात इंग्रजीत लिहिले होते. माझा प्रत्येक नियम दहादा वाचणाऱ्या मार्तंडने तो फॉर्म न वाचताच सही केली.

यंत्राचे पाते खाली आले आणि मी पुस्तक राहिलो नाही.

माझी पाने रितिका नावाच्या मुलीकडे गेली. एकेक पान पडद्यावर आणून ते साफ करणे हे तिचे काम. पहिल्याच पानावर ती थबकली. कोणीतरी मराठीत लिहिले आहे, राहू द्यायचे का, असे तिने साहेबांना विचारले. प्रकाशकांना नव्यासारखी पाने हवी आहेत, डाग राहता कामा नये, असे उत्तर आले. रितिका चार दिवस पुसत होती. ‘पळा गा’ वाचून ती हसली. मग तेही पुसले. पुसण्याआधीच्या प्रती ठेवायची तिथे पद्धत नव्हती.

कागदावरचे अक्षर अजून शाबूत होते, पण कागदाचे काम संपले होते. काही महिने मी ऑफिसच्या जिन्याखाली पोत्यात होतो. मग या गोदामात आलो आणि यंत्राने मला हजारो अनोळखी कागदांबरोबर दाबून टाकले.

आज सकाळी बाहेर ओळखीचा आवाज आला. मार्तंड होता, बरोबर काजल आणि रितिका. नवी आवृत्ती काल निघाली होती. काजलने ती मोबाईलवर घेतली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली. सगळे समास पांढरे होते. दोघे तडक त्या ऑफिसात गेले, आणि पाने कुठल्या गोदामात गेली ते रितिकाने शोधून दिले. सुरुवातीला आभार मानले होते, ते मार्तंडचे. घरी कवडूची एक ट्रंक होती, तिच्यातले कागद कधीच वाळवीने खाल्ले होते. त्याच्या हातचा दुसरा कागद जगात कुठे नव्हता.

गोदामाचे मालक ताराचंद भले माणूस. गठ्ठा फोडला की पुन्हा बांधायला माणसे लागतात, तरी त्यांनी फोडू दिले. तिघांनी नऊ गठ्ठे उलगडले. तारेने मार्तंडचा तळहात फाटला. मी सगळ्यांत खालच्या थरात होतो. माझ्या वरचा गठ्ठा हलला तेव्हा थोडा उजेड आत आला आणि वाटले, आता. पण तो गठ्ठा पुन्हा तसाच खाली बसला.

“काका, हात पाहा तुमचा, राहू द्या,” काजल म्हणाली.

“काहून वं? अजून लय आहेत. सापडन.”

“माझ्या हाती आलं तरी मी ओळखू कशी? बाबाचं अक्षर मी पाह्यलंच नाही कधी.” मग तिने विचारले, “कसं होतं, काका?”

बारीक होते, एवढे मार्तंड म्हणाला. पुढे त्याला सांगता येईना. कवडूचे शब्द त्याला तोंडपाठ होते, पण कवडू ‘ळ’ कसा काढायचा, रेघ कुठे तोडायचा, हे त्याला आठवत नव्हते. मलाच उघडले की दिसेल, म्हणून त्याने कधी लक्षात ठेवले नव्हते. तो गठ्ठ्यावर बसला आणि रडला. काजलने रितिकाकडे पाहिले. तिच्या हातून एकशे अठ्ठावीस पाने गेली होती, पण अक्षराचे वळण तिलाही सांगता आले नाही.

दुपारी गठ्ठे पुन्हा बांधायची वेळ झाली, तेव्हा ते गेले. आता तारा पुन्हा आवळल्या जात आहेत.

मित्रांनो, माझे छापील शब्द आता जगात कुठेही, कोणालाही वाचता येतील. ते छान दिसतात म्हणे. पण काजलला हवे होते ते सगळे माझ्यापाशी आहे, आणि मी उद्या लगदा होणार आहे. तुमच्या हाती कधी असे जुने पुस्तक आले, तर नवे करण्याआधी त्याच्या कडा वाचा. पुसण्याआधी विचारा, हे कोणाचे आहे म्हणून. आज मी त्या तिघांपासून चार हातांवर होतो आणि मला हाक मारता आली नाही. तुम्हाला बोलता येते.