गुरगुर

थोरलीची चप्पल ठिणगीच्या नाकाडावर फाडकन बसली. कुत्री कळवळून मागे सरली, तोवर दुसरी बसली.

"गुरगुरतेस? माझ्या तांबूवर गुरगुरतेस?" थोरलीने तिची मानगूट पकडली, तिला फरशीवर आडवी पाडली आणि बरगड्यांवर गुडघा रोवला. ठिणगीचे डोळे पांढरे झाले. जीभ दातांत सापडून रक्त आले होते, ते फरशीला लागले.

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात पातेले धरून उभी होती. "ताई, पुरे ना. लागतंय तिला."

"लागायलाच पाहिजे. लागल्याशिवाय कळत नाही कुणाला. मला कळलं, तुला कळलं, हिलाही कळेल."

धाकटी आत गेली. घर तिचे होते, कुत्रीही तिची होती. तरी ती आत गेली.

दोघी सख्ख्या जावा. एके काळी एकाच घरात नांदलेल्या. त्या घरात सासू थोरलीला लाटण्याने बडवायची आणि थोरलीचा राग धाकटीवर निघायचा. एकदा मोठ्यांची पाने व्हायच्या आधी धाकटीने घास तोंडात घातला, म्हणून थोरलीने सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली वाजवली. त्या कानाने धाकटीला पुढे कमीच ऐकू येऊ लागले. कुणी बोलले की ती मान किंचित वळवून दुसरा कान पुढे करी. लोकांना वाटे, बाई फार नम्र आहे.

पुढे घरे वेगळी झाली, दोघींचे नवरे गेले. धाकटी सोफ्याची कव्हरे शिवणाऱ्या कारखान्यात लागली. जाड रेक्झिनमधून वाकडी सुई काढायचे काम. अंगठ्यात जोर लागतो. कारखान्याच्या मागे भंगारात सापडलेले काळे पिल्लू तिने घरी आणले, तीच ठिणगी. थोरलीची इमारत पाडायला काढली तेव्हा धाकटीनेच तिला बोलावून घेतले. थोरली दोन पिशव्या आणि तिची जुनी तांबूस कुत्री घेऊन आली. उंबऱ्यात उभी राहून तिने दोन खोल्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "कपाट त्या भिंतीला हवं." संध्याकाळपर्यंत कपाट त्या भिंतीला गेले होते.

खरे तर कुत्र्यांचे आपसांत जमले होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यांनी घर वाटून घेतले. दाराशी कुणी आले की पुढे ठिणगी. तांबू मधे आली तर ठिणगी घशातल्या घशात गुरगुरायची, तांबू तोंड वळवून जांभई द्यायची आणि बाजूला व्हायची. उलट खिडकीखालची गादी तांबूची. तिथे ती नुसती मान उचलून बघायची आणि ठिणगी लांबून वळसा घालून जायची. दात कुणाला लागत नव्हते.

थोरलीला हे पटेना. "माझी तांबू वयानं मोठी. ती या पोरीला वाट देते? मान कुणाचा?" मग तिने मान द्यायला सुरुवात केली. दाराची कडी वाजली की ती तांबूला पट्ट्याला धरून पुढे ओढी आणि ठिणगीला पायाने मागे लोटी. ठिणगी गुरगुरली की चप्पल. तांबू बिचारी कान पाडून, शेपूट पोटाखाली घेऊन त्या मानाच्या जागी उभी राही. तिला तिथे उभेच राहायचे नव्हते.

एका सकाळी ठिणगीने तांबूचा कान फाडला. धाकटी तांबूला कडेवर घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी टाके घालता घालता सगळे विचारून घेतले.

"मोठी कोण, हे तुम्ही ठरवायचं नाही," त्या म्हणाल्या. "ते दोघी ठरवतात. आणि एकदा ठरलं म्हणजे सगळ्यात तीच वरचढ, असंही नसतं. दार हिचं, गादी तिची. तुम्ही मधे पडलात की त्यांना पुन्हा पहिल्यापासून भांडावं लागतं."

"आमच्या ताई म्हणतात, जरब बसवली की सुधारेल."

"जरब बसते. पण गुरगुरण्याबद्दल मारू नका. गुरगुर म्हणजे ती सांगत असते, थांब, पुढे येऊ नकोस. ते सांगणं मारून बंद केलंत, तर राग जात नाही, फक्त आवाज जातो. आणि हे बघा, दोघींची जुंपलीच कधी जोरात, तर हात घालू नका. काहीतरी जाडजूड अंगावर टाका, मागचे पाय धरून ओढा."

धाकटीने घरी येऊन जमेल तसे सांगितले. थोरली हसली. "आता घर कसं चालवायचं ते कुत्र्यांकडून शिकायचं का? बस, भात गार होतोय."

धाकटी बसली.

पुढे काही दिवस चप्पल चालली, गुडघा चालला. एकदा तर थोरलीने ठिणगीचे तोंड दोरीने बांधून तिला मोरीत कोंडले आणि तांबूला दारापुढे बसवून ठेवले. मग ठिणगी गुरगुरायची थांबली. तांबू दाराशी आली की ती नुसती ताठ उभी राहायची, तोंड घट्ट मिटून, एकाच जागी बघत. थोरली शेजारणीला सांगे, "बघा, कशी गाय झालीय. हात फिरला ना माझा." धाकटीला त्या गप्प कुत्रीकडे बघवत नसे. का, ते तिला सांगता आले नसते.

एका संध्याकाळी धाकटी कामावरून आली. घरी शिवायला म्हणून घेतलेले एक मोठे कव्हर काखोटीला होते. कडी वाजताच थोरलीने दार उघडले आणि सवयीने तांबूला ढुंगणावर हात देऊन पुढे ढकलले. दाराच्या त्या चिंचोळ्या बोळात तांबूचा खांदा ठिणगीला घासला.

आवाज झालाच नाही. ठिणगीने तांबूचा गळा धरला.

किंचाळली ती तांबू. दोघी भिंतीवर आदळल्या, चपलांची मांडणी कोसळली. ठिणगी धरलेले सोडत नव्हती, उलट मान झटकून आणखी आत दात घालत होती. रक्ताच्या चिळकांड्या दारावर उडाल्या. थोरली बोंब ठोकत मिळेल त्याने हाणू लागली. चपलेने, मग झाडूच्या दांड्याने. प्रत्येक फटक्याला ठिणगीचे दात अधिकच रुतत गेले. धाकटीला डॉक्टरीणबाईंचे सगळे पाठ होते आणि त्यातले काहीएक आठवले नाही. तिने हात घातला.

चावली ती तांबू. जीव जात असलेले जनावर, समोर आले ते तिने धरले. धाकटीच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दात हाडापर्यंत गेले आणि काहीतरी तट्‌कन तुटले. तेव्हा कुठे तिला शुद्ध आली. डाव्या हाताने तिने ते कव्हर दोघींवर फेकले, ठिणगीचे मागचे पाय धरले आणि सगळे अंग मागे टाकून ओढले. जबडा सुटला. धाकटीने ठिणगीला फरफटत मोरीत नेले, दार लावले आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. तिच्या कोपरावरून रक्त ठिबकत होते.

बोळात तांबू एका कुशीवर पडली होती. तिचा श्वास गळ्यातूनच बाहेर येत होता, बुडबुड करत.

थोरली कोपऱ्यातली पहार उचलून आली. "सर बाजूला. डोकंच फोडते तिचं."

"नाही."

"सर म्हणते ना!" थोरलीने तिच्या तोंडात मारली. त्याच बाजूला, त्याच कानावर. धाकटीचे डोके दारावर आपटले.

दुसऱ्यांदा हात उठला, तो धाकटीने वरच्या वर धरला. डाव्या हाताने, पण कव्हरे ताणून ताणून तोही हात चांगलाच कसलेला होता. तिने मनगट पिळले. पहार घणघणत खाली पडली.

"ताई," ती म्हणाली. आवाज इतका खालचा होता की थोरलीला पुढे वाकावे लागले. "परत हात उचललात तर मोडून ठेवीन. कुत्रीवर नाही आणि माझ्यावरही नाही. आता तांबूला उचला. जिवंत आहे अजून."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. मग वाकली आणि तिने तांबूला पदरात घेतले.

दवाखान्याच्या टेबलावर तांबू गेली. डॉक्टरीणबाईंनी हात धुतले, पुन्हा धुतले. थोरली तांबूच्या पाठीवरून हात फिरवत होती, ती अंगातली ऊब जाईपर्यंत.

"त्या दुसरीला मरणाची सुई द्या," ती म्हणाली.

"ते यांनी सांगायचं." डॉक्टरीणबाईंनी धाकटीकडे पाहिले. धाकटीने मान हलवली. नाही.

 मग थोरलीने विचारले, "ती गुरगुरली असती... तर माझी बाजूला झाली असती का?"

डॉक्टरीणबाई सुया-कात्र्या आवरू लागल्या. धाकटीला राग यायला हवा होता, पण थोरलीच्या तोंडाकडे बघून येईना. तिनेच सांगितले, "आधी व्हायची, ताई. रोज व्हायची."

थोरली तिथल्या बाकावर बसली. इतक्या जोरात, जणू कुणीतरी ढकलले.

धाकटीच्या हातावर शस्त्रक्रिया झाली, तरी अंगठा पुरता मिटेना. वाकडी सुई तिच्या हातून गेली ती गेलीच. कारखान्यात तिला कापडावर खुणा करायच्या कामाला लावले. त्या टेबलाशी दिवसभर उभे राहावे लागे आणि शिवणाऱ्या बायका तिच्यापासून लांब बसत. तिला त्यांच्या गप्पा ऐकू येत नसत.

थोरली भाचीकडे जायचे म्हणत होती. पिशव्या भरल्याही होत्या. जाईना, आणि धाकटीही जा म्हणेना, राहा म्हणेना. ठिणगी दिवसभर दाराशी पडून असे. थोरली बाहेर जाताना तिच्यावरून ओलांडत नसे, ती उठेपर्यंत थांबून राही. कधी कधी खूप वेळ थांबावे लागे.

एका हाताने धाकटीला वेणी घालता येत नव्हती. ती केस नुसते गुंडाळून कामावर जाई. एका सकाळी ती फणी घेऊन झगडत असताना थोरली मागे येऊन बसली आणि न विचारता फणी हातात घेतली. तिने गुंता सोडवला, तीन पेड केले आणि तिच्या जुन्या ताकदीने ओढून वेणी घातली. धाकटीच्या कपाळाची कातडी ताणली गेली. उभ्या आयुष्यात तिच्या केसांना या बाईचा हात लागला होता, तो ओढायलाच.

"झाली?" थोरलीने विचारले. "बरी आहे?"

धाकटीने मान वळवली नाही.

"घट्ट झाली," ती म्हणाली. "सैल घाला."

मागे हात थांबले. मग थोरलीने गाठ सोडली, पेड बोटांनी मोकळे केले आणि वेणी पुन्हा वरपासून घालायला घेतली.